मदतीच्या आवाहनाचे गद्य

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या धाकट्या बहिणीला औषधांना दाद न देणारा क्षय झाला होता. खाजगी इस्पितळाने फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा आकडा सांगितला होता, तो त्याच्या आवाक्याबाहेरचा. "सर, मोबाईलवरून लोकांकडे मदत मागायचीय. तुम्ही मराठी शिकवता, तेवढं लिहून द्या."

लिहिण्यापूर्वी मी अशी पन्नासेक आवाहने वाचून काढली. २०१० साली 'मिलाप' आणि २०१२ साली 'केटो' सुरू झाले. तेव्हापासून हा गद्यप्रकार आपल्याकडे रुजला आहे. आपल्या समीक्षेने त्याची दखल घेतली पाहिजे. त्याचा साचा पक्का आहे : आईचे प्रथमपुरुषी निवेदन, नळ्या लावलेल्या लेकराचे छायाचित्र, रुपयांचा आकडा, हातात उरलेले थोडे दिवस. निवेदक कुणावरही रागावत नाही. दलित आत्मकथनातला 'मी' वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. इथला 'मी' त्याच वाचकाला दाता म्हणून ओवाळतो. वेदना मात्र दोन्हीकडे तीच.

कर्करोगाला किंवा हृदयाच्या छिद्राला या साच्यात सहज जागा मिळते. क्षय, कुष्ठ, एचआयव्ही यांचे नाव घेतले की दात्याचा हात आखडतो, आणि रोग्याचे घरही हादरते. मुलीचे लग्न ठरत आलेले, खोली भाड्याची. म्हणून मी 'फुप्फुसाचा दीर्घ आजार' असे लिहिले. छायाचित्र पाठमोरे घेतले. आडनाव गाळा, असेही सुचवले. ते मीच सुचवले, हे इथे कबूल केले पाहिजे.

पहिल्या खर्ड्यात आणखी एक परिच्छेद होता. हे कुटुंब मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षय अधिक आढळला. सरकार औषधे फुकट देते, पोषणासाठी महिना ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देते. पण खोलीत ऊन कोण आणणार? भाऊ म्हणाला, "सर, हे वाचून पैसे कोण देईल?" त्याचे बरोबर होते. परिच्छेद गेला.

काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या आजोबांनी येसकरपाळीची भाकर सोडली, ती आपण पुन्हा मागतो आहोत. मला हे पटत नाही. बहिणीचा जीव वाचवायला हात पसरणाऱ्याला लाज शिकवणे हा पोट भरलेल्याचा स्वाभिमान झाला. आणि त्या भाकरीमागे निदान राबणे होते, कितीही अपमानाचे असो. इथे 'हक्क' हा शब्दच साच्यात बसत नाही. राज्याने जे द्यायचे ते अनोळखी माणसाच्या दयेवर सोडून दिले जाते, आणि आमच्यासारखे मराठीचे मास्तर त्या दयेची भाषा घासूनपुसून देतात.

पैसे निम्मे जमले. शस्त्रक्रिया लांबली. परवा त्या मुलीने मोबाईलवर माझा मजकूर सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि मला विचारले, "सर, हिला झालंय तरी काय?"