चार अक्षरांचा माणूस

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात 'टीम बिल्डिंग'च्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सोळा प्रकारांची ती प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. मी निघालो 'आयएनटीपी'. सगळं हसतखेळत झालं. पुढच्या महिन्यात क्लायंटला डेमो द्यायची वेळ आली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तू इन्ट्रोव्हर्ट ना, तुला कशाला त्रास?" मॉड्यूल माझं होतं, डेमो दुसऱ्याने दिला. पुढे क्लायंटसमोर जायची कामं त्याच्याकडेच गेली, आणि प्रमोशनही.

मग मी ती चाचणी कोड रिव्ह्यू करतात तशी वाचायला घेतली.

कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स या अमेरिकी मायलेकींनी कार्ल युंगच्या १९२१च्या पुस्तकावरून ती रचली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींनीही घेतलं नव्हतं. इझाबेलने तर त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती. माझी तक्रार त्याबद्दल नाही. बग पुढे आहे. अंतर्मुख-बहिर्मुख या पट्टीवर बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, आणि चाचणी नेमकी तिथेच रेघ मारते. जरा अलीकडे तो 'आय', जरा पलीकडे तो 'ई'. म्हणजे फ्लोट मोजायचा आणि बूलियन साठवायचा. सहा महिन्यांनी मी पुन्हा चाचणी दिली, तर 'ईएनटीपी' आलो. मी तोच होतो, दोन-तीन उत्तरं तेवढी बदलली होती.

संशोधक सहसा 'बिग फाइव्ह' वापरतात: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. इथे खोके नाहीत, पाच पट्ट्या आहेत. मुळाशी असलेली कल्पना सुंदर आहे. माणसामाणसांतले महत्त्वाचे फरक भाषेत शब्द होऊन उतरलेलेच असणार. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत, कोणते गुण एकत्र आढळतात हे पाहत पाच गटांपर्यंत आणले.

हे मला पटतं. पण कोश इंग्रजी होता. आई मला लहानपणापासून 'भिडस्त' म्हणते. हा शब्द पाचांपैकी कुठे ठेवू? थोडा अंतर्मुखतेत, थोडा जुळवून घेण्यात, आणि तरी काहीतरी उरतंच. कारण भीड नुसती नसते, ती कुणाची तरी असते. मित्रांत मला आवरावं लागतं. मॅनेजरची मात्र भीड पडली, म्हणून त्या दिवशी "डेमो मीच देतो" एवढंही मला म्हणता आलं नाही.

वॉल्टर मिशेलने १९६८ साली हेच बजावलं होतं: प्रसंग बदलला की वागणंही बरंच बदलतं. त्यावर पुढे अनेक वर्षं वाद झाला. हाती लागलं ते असं, की एका प्रसंगावरून स्वभाव कळत नाही. पुष्कळ प्रसंगांच्या सरासरीत तो दिसतो.

माझ्याबाबतीत एका दुपारच्या प्रश्नावलीवरून दोन वर्षांचं काम ठरलं. आणि त्या प्रश्नावलीने 'तू कसा आहेस?' एवढंच विचारलं होतं. 'कुणासमोर?' हे विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात मॅनेजरना सांगितलं, पुढचा डेमो मी देणार. सांगताना घसा कोरडा पडला होता. डेमो गुरुवारी आहे.