‘असंच असणार’ हे ठरवतं कोण?

श्रोतेहो, सॉल क्रिपके यांचं ‘नेमिंग अँड नेसेसिटी’ हे पुस्तक मुळात बोललेलंच आहे. जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी हाती कागद न घेता तीन व्याख्यानं दिली, त्यांचंच शब्दांकन पुढे छापलं गेलं. त्यातली दोन विधानं आज आपण तपासू.

पहिलं विधान असं. पहाटे पूर्वेला दिसणारी तेजस्वी चांदणी आणि सांजेला पश्चिमेला दिसणारी, दोन्ही म्हणजे शुक्रच. हे कळायला आकाश निरखावं लागलं. पण एकदा ती एकच ठरली, की दोन असणं शक्यच नव्हतं. कारण कोणतीही वस्तू स्वतःहून वेगळी असू शकत नाही. म्हणजे बघा, माहिती निरीक्षणाने दिली आणि ‘शक्यच नव्हतं’ हा जोर तर्कशास्त्राने. इथवर आमची तक्रार नाही.

दुसरं विधान. राणी एलिझाबेथ दुसऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली असती का? क्रिपके म्हणतात, नाही. ती दुसरीच कुणी झाली असती. ऐकायला पटतं. पण इथे नुसता तर्क पुरत नाही. ‘मूळ बदललं की वस्तू तीच राहत नाही’ हे आधीच गृहीत धरावं लागतं. नावं वस्तूंना कशी लागू होतात, एवढ्यावरून वस्तूचं सारतत्त्व निघत नाही, हे नेथन सॅमन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवलं. तेव्हा दोन्हींना ‘अनिवार्य’ म्हटलं, तरी दोन्हींचा आधार सारखा नाही. बोलण्याच्या ओघात हा फरक ऐकणाऱ्याच्या हातून निसटतो.

आपण नाशिककरांनी तरी तो निसटू देऊ नये. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार अडवणाऱ्यांचा युक्तिवाद जन्माचाच होता. क्रिपके पूर्ण बरोबर धरले, तरी त्यातून फक्त आईबाप ठरतात. धंदा, धर्म, देवळात जायचा हक्क, यांतलं काहीच ठरत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं हेच वेगळं काढलं: जन्म आपल्या हाती नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

म्हणून कुणी ‘हे असंच असणार’ म्हणालं, की आपण विचारायचं: हे तर्काने निघतंय, की तुम्ही आधीच धरून बसलात?