‘मिनी’ आणि ‘मायक्रो’ : हौशी सर्किट बोर्डांवरील चित्रजोडांची चिकित्सा

१

तांत्रिक वस्तूची चिकित्सा करताना तिच्या घडणीचा विचार एकीकडे आणि नावाचा विचार दुसरीकडे, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. घडण हे अभियंत्याचे क्षेत्र आणि नाव हे भाषाभ्यासकाचे, असे त्यामागील गृहीत असते. परंतु जी वस्तू दोन वस्तूंना जोडण्यासाठीच निर्माण झाली, तिच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. कारण योग्य जोड हाती येण्यापूर्वी तो कोणाकडे तरी नावाने मागावा लागतो. हौशी सर्किट बोर्डावरील चित्र टीव्हीच्या पडद्यावर नेणारे छोटे कनेक्टर हे याचे अलीकडील ठळक उदाहरण होय. त्यांची लघुता ही खरोखर काटकसर आहे काय, आणि असल्यास ती कोणाची, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एचडीएमआय या मानकाची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील नेहमीच्या कनेक्टरला ‘टाइप ए’ असे नाव असून त्याच्या प्लगची रुंदी सुमारे १४ मिलिमीटर असते. २००६ च्या आवृत्तीत ‘टाइप सी’ म्हणजे मिनी आला; त्याची रुंदी सुमारे १०.४ मिलिमीटर. २००९ च्या आवृत्तीत ‘टाइप डी’ म्हणजे मायक्रो आला. त्याची रुंदी ६ मिलिमीटरांहून किंचित कमी. या तिन्ही प्रकारांत संपर्कबिंदू १९ च आहेत. त्यांचा क्रम मात्र तिन्हींत सारखा नाही. अर्थात आशय एक आणि रूपे तीन, अशी ही स्थिती आहे.

हौशी बोर्डांपैकी सर्वपरिचित असलेल्या रास्पबेरी पायचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१२ च्या पहिल्या बोर्डावर पूर्ण आकाराचे एचडीएमआय सॉकेट होते आणि त्याखेरीज जुन्या काचनळीच्या टीव्हीला चालणारे पिवळे गोल सॉकेटही होते. २०१४ मध्ये हे पिवळे सॉकेट गेले आणि त्याचे काम ३.५ मिलिमीटरच्या ध्वनी-सॉकेटाकडे सोपविण्यात आले. २०१५ च्या नोव्हेंबरात केवळ ५ डॉलर किमतीचा ‘झीरो’ आला. त्याचा आकार ६५ × ३० मिलिमीटर. त्यावर मिनी बसविलेला होता. जुन्या टीव्हीसाठी दोन रिकाम्या जागा तेवढ्या ठेवल्या होत्या. ज्याला हवे त्याने स्वतः डाख देऊन तारा जोडाव्यात. २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर दोन मायक्रो सॉकेटे आली आणि २०२३ च्या पाचव्या पिढीतही ती कायम राहिली.

३

रचनाकारांची बाजू आधी न्यायाने मांडली पाहिजे. ३० मिलिमीटर रुंदीच्या, अत्यंत पातळ बोर्डावर पूर्ण आकाराचे सॉकेट बसविणे म्हणजे बोर्डाची जाडी त्या एका सॉकेटासाठी वाढविणे होय. चौथ्या पिढीत एकाऐवजी दोन पडदे जोडण्याची सोय करावयाची होती आणि बोर्डाचा आकार मात्र वाढवावयाचा नव्हता. एका सॉकेटाच्या जागी दोन बसवावयाची तर ती लहानच असावी लागतात. तेव्हा ही निवड निष्कारण झाली, असे म्हणता येत नाही.

तथापि लहान झाले ते केवळ सॉकेट. त्याला जोडावयाच्या केबलमधील तारा, त्यांवरील आवरण आणि त्यामुळे येणारा ताठरपणा त्या प्रमाणात कमी झाला नाही. अवघ्या ९ ग्रॅम वजनाच्या झीरोला नेहमीची जाड केबल जोडली, म्हणजे बोर्ड केबलला धरून ठेवीत नाही, केबलच बोर्डाला टेबलावरून ओढीत नेते. हा ताण शेवटी डाखाच्या लहानशा जागांवर येतो. शिवाय टीव्हीच्या मागील सॉकेट पूर्ण आकाराचेच राहिले. म्हणून वेगळी केबल किंवा अडॅप्टर अपरिहार्य ठरला. बोर्डावर वाचविलेली जागा आणि किंमत नाहीशी झाली नाही. ती वापरणाऱ्याकडे सरकली.

सोलापूर जिल्ह्याच्या वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी ते बार्शी हा २ फूट ६ इंच मापाचा मार्ग सुरू केला. हलके रूळ, आसावर सुमारे ५ टनांचा मर्यादित भार आणि त्यामुळे कमी खर्च, हे तिचे तत्त्व होते व ते आपल्या जागी योग्यच होते. परंतु कुर्डुवाडीस मुंबईकडे जाणारा ५ फूट ६ इंचांचा रुंदमापी मार्ग लागे आणि तेथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. अरुंद मापाची काटकसर मार्गावर दिसे; तिची किंमत जंक्शनवर मोजली जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंदमापी झाला, तेव्हाच ती देणी संपली. छोटा चित्रजोड आणि त्याचा अडॅप्टर यांचा संबंध याहून वेगळा नाही. फरक इतकाच, की कुर्डुवाडी कोठे आहे हे सर्वांस ठाऊक होते. अडॅप्टर कोठे मिळेल हे सर्वांस ठाऊक नसते.

४

येथून नावाचा प्रश्न सुरू होतो. बार्शी–सोलापूर रस्त्यावरील वैरागचे उदाहरण घेऊ. असे कल्पिले, की तेथील एका विद्यार्थ्याने टपालाने झीरो मागविला आहे. घरी टीव्ही आहे, टीव्हीची केबलही आहे. परंतु ती बोर्डात बसत नाही. तो गावातील मोबाइलच्या दुकानात जातो. तेथे कोणती शब्दयोजना त्याच्या उपयोगी पडेल?

दुकानातील मराठीचा एक नियम असा, की विशेषण उरते आणि विशेष्य गळते. ‘बारीक पिनचा चार्जर’ याचे ‘बारीक पिन’ होते. ‘मायक्रो यूएसबी केबल’ याचे ‘मायक्रो’ होते. व्यवहारात एकच वस्तू प्रचलित असेतो हा लोप निर्धोक असतो. परंतु झीरोच्या एकाच कडेवर एक मिनी एचडीएमआय आणि दोन मायक्रो यूएसबी सॉकेटे शेजारी शेजारी आहेत. तेथे ‘मायक्रो द्या’ म्हणणाऱ्यास फोनची केबल मिळणार. याहून मोठा घोटाळा ‘टाइप सी’ या नावात आहे. एचडीएमआयच्या मानकात ‘टाइप सी’ म्हणजे मिनी; बाजारात मात्र या नावाने २०१४ नंतरचा यूएसबीचा २४ संपर्कांचा कनेक्टरच ओळखला जातो. मानकाचे पुस्तक वाचून गेलेला विद्यार्थी जितके अचूक नाव उच्चारील, तितकी चुकीची वस्तू त्याला मिळेल.

भाषेतही एका रूपिमाची अनेक रूपिकांतरे असतात. परंतु त्यांची वाटणी परिसरानुसार ठरलेली असते. ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’ यांतील रूपे बोलणारा शोधत बसत नाही. प्रत्यय आला की सामान्यरूप आपोआप येते. चित्रजोडांच्या रूपांना असा परिसरनियम नाही. लहान, ६५ मिलिमीटरच्या बोर्डावर ‘मिनी’ आहे आणि त्याहून मोठ्या, ८५ × ५६ मिलिमीटरच्या बोर्डावर ‘मायक्रो’. बोर्डाकडे पाहून कनेक्टराचे अनुमान करणारा नेमका उलट निष्कर्ष काढील.

यावर ‘लघु’ आणि ‘सूक्ष्म’ असे प्रतिशब्द सुचविले जाणे स्वाभाविक आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत परिभाषा घडविण्याचे कार्य संस्थात्मक पातळीवर झाले आहे आणि त्याचे मोल कोणी नाकारू नये. परंतु येथे दोष शब्दाच्या मूळभाषेत नाही, त्याच्या अर्थप्रकारात आहे. ‘सूक्ष्मदर्शक’ या शब्दात ‘सूक्ष्म’ हे पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचे वर्णन आहे. म्हणून तो शब्द अन्वर्थक ठरतो. ‘सूक्ष्म एचडीएमआय’ यात मात्र तेच विशेषण केवळ तुलनावाचक राहते : कशाहून सूक्ष्म, आणि किती? इंग्रजीतील संदिग्धता संस्कृतात उतरविल्याने ती प्रतिष्ठित होते. नाहीशी होत नाही.

५

उपाय लोकव्यवहारातच आहे. गवंडी १० आणि १२ एमएमची सळई मागतो, मेस्त्री दहा-अकराचा पाना मागतो, शेतकरी तीन इंची पाइप मागतो. यांतील कोणीही ‘लघु’ पाना मागत नाही. मापाने नाव ठेवण्याची ही रीत मराठी कारागिरांत पूर्वापार रुळलेली आहे. तिला अनुसरून चौदाचे, दहाचे आणि सहाचे एचडीएमआय असे म्हटल्यास विशेष्य गळण्याचा संभव कमी होतो आणि समजा ते गळलेच, तरी पट्टी लावून खात्री करता येते. मराठीत या बोर्डांची माहितीपुस्तके लिहिणारांनी प्रत्येक सॉकेटाच्या नावाशेजारी त्याची रुंदी मिलिमीटरांत द्यावी, हे किमान पथ्य होय.

घडणीविषयीचा निर्णयही याच कसोटीवर द्यावा लागतो. जो बोर्ड यंत्राच्या पोटात कायमचा बसणार आहे, त्यावर छोटा कनेक्टर योग्यच आहे. जो शिकणाऱ्याच्या हाती जाणार आहे आणि ज्याचा पडदा म्हणजे घरातील टीव्ही आहे, त्यावर १४ मिलिमीटरचे सॉकेट हीच खरी काटकसर. कारण ज्याची केबल घरात आधीपासून आहे, त्याहून स्वस्त कनेक्टर नाही. पाच डॉलरच्या बोर्डाचे आश्वासन असे होते, की संगणकाची वाट कोणाच्याही घरातून सुरू व्हावी. वैरागच्या त्या विद्यार्थ्यासाठी ती वाट चार मिलिमीटरांच्या फरकाने आणि एका दुहेरी अर्थाच्या नावाने अडते. ती मोकळी करण्याचे अर्धे काम अभियंत्यांचे आहे. उरलेले अर्धे निःसंशय भाषेच्या अभ्यासकांचे आहे.