हरिकेन उघडताना

सीजे-३बी जीपचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. त्यामुळे ती बेढब दिसते, युद्धातल्या बुटक्या जीपची ऐट तिच्यात नाही, असं जीपवर जीव टाकणारी माणसंच म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. ती उंची कुणा सजावटकाराची लहर नव्हे, ती इंजिनाने मागून घेतलेली जागा आहे. आत काय बसवायचं होतं ते एकदा पाहिलं की तो चेहरा आवडू लागतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं गो-डेव्हिल इंजिन ६० अश्वशक्तीचं. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. ते घडवणारा अभियंता बार्नी रूस. पुढे त्यानेच ठरवलं, की ब्लॉकची मूळ मापं ठेवायची, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे तिथेच राहू द्यायचे आणि इनलेट व्हॉल्व्ह तेवढे वर हेडमध्ये न्यायचे. जुन्या वाड्याचं जोतं शाबूत ठेवून वर मजला चढवावा तसं हे काम. बोअर-स्ट्रोक तेच, २१९९ सीसी तेच, पण इनलेट व्हॉल्व्हला मोठं व्हायला जागा मिळाली, इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं आणि ताकद ७५ अश्वशक्तीवर गेली. हेच हरिकेन. १९५३ साली ते सीजे-३बीत आलं आणि बॉनेट उंच झालं.

या हेडची रचना सावकाश बघावी अशी आहे. इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नाहीच, तो हेडच्याच ओतीवात आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. हेडचा एक बोल्ट त्या कार्बोरेटरखाली, हवेच्या वाटेतच दडलेला असतो. दिसतील तेवढे बोल्ट काढून हेड पहारीने उचकटणारा मिस्त्री इथे फसतो. कॅमशाफ्ट मात्र एकच. तिच्यावरून एक्झॉस्टचे टॅपेट थेट उचलले जातात, तर इनलेटसाठी पुशरॉड वर जाऊन रॉकरला धक्का देतात. थंड इंजिनावर इनलेटला अठरा थाऊ गॅप ठेवायचा, एक्झॉस्टला सोळा. वरचं झाकण काढून अर्धे व्हॉल्व्ह जुळवायचे आणि ब्लॉकच्या कुशीतलं झाकण काढून उरलेले. हात एकाच इंजिनावर असतात, पण जुळवणी दोन पिढ्यांची चाललेली असते.

खरी गोडी मात्र हाफ इंजिनात, म्हणजे हेडखालच्या ब्लॉक-क्रँकच्या भागात आहे. क्रँक तीनच मेन बेअरिंगवर फिरते आणि चार रॉडना त्यातच जागा करून द्यायची. म्हणून कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग मधोमध नाही, एका अंगाला सरकवलेला आहे, आणि त्याची अरुंद बाजू जवळच्या मेन बेअरिंगकडेच यायला हवी. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालणं, क्रँक ग्राइंड करून तिच्या मापाची शेल निवडणं, ही कामं चांगला लेथवाला करून देतो. रॉडची दिशा मात्र बांधणाऱ्यालाच वाचता आली पाहिजे.

त्याहून देखणी युक्ती ऑईल पंपाची. पंप ब्लॉकच्या एका बाजूला, बाहेरून बसवलेला. कॅमशाफ्टवरचा तिरप्या दात्यांचा गिअर त्याला फिरवतो आणि पंपाच्याच शाफ्टच्या टोकाला असलेल्या खाचेतून पलीकडच्या बाजूचा डिस्ट्रिब्युटर फिरतो. एकाच आडव्या रेषेत तेलाचा दाब आणि ठिणगीची वेळ! म्हणजे पंप एक दाता चुकवून बसवला, तर तेल व्यवस्थित येईल पण टायमिंग हलेल. इतक्या थोड्या भागांत इतकं काम करून घेणारी बुद्धी मला फार मोठी वाटते.

गिअरबॉक्स, टी-९०, तीन गतींचा आणि सरळ स्वभावाचा. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तेव्हा चालत्या गाडीत तो टाकताना डबल क्लच करावा लागतो. त्याच्या मागे बसलेल्या ट्रान्स्फर केसपाशी मात्र थांबायला हवं. स्पायसर मॉडेल १८. यात साध्या टू-व्हील, हाय रेंजमध्येही ताकद सरळ मागे जात नाही, मधल्या गिअरवरून वळून बाजूला उतरते. प्रोपेलर शाफ्ट एका अंगाला असल्यामुळे पुढचा शाफ्ट इंजिनाच्या शेजारून निघून जातो आणि इंजिन उगाच वर उचलावं लागत नाही. जीपची ओळखीची गुणगुण येते ती याच मधल्या गिअरची. काम केल्यावरही ती राहणारच. मधला शाफ्ट आणि त्याची सुई-बेअरिंग झिजली की तिचं ओरडणं होतं, तेव्हा ती दोन्ही बदलावीत, शिम घालून आउटपुट शाफ्टचा प्ले जुळवावा आणि गुणगुण ऐकावी.

पुढची चाकं जोडल्याशिवाय लो गिअर पडत नाही, अशी अडवणूक याच केसमध्ये केलेली आहे. कारण उघड आहे: लोमधला सगळा जोर एकट्या मागच्या हाउसिंगवर पडू द्यायचा नाही. पहिला गिअर २.७९८, लो २.४६, क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार ३७च्या आसपास येतो. इंजिन सदतीस फेरे मारतं तेव्हा चाक एक फेरा घेतं. आयडलवर गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, दगड चाचपत चढते. ७५ अश्वशक्तीला कमी म्हणणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा.

त्या ५.३८च्या मागेही विचार आहे. पिनियनला ८ दाते, क्राउनला ४३. दोहोंना एकाच आकड्याने भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. म्हणूनच एका गाडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन अशी जोडी लावू नये. दात्यांना निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहावं, ठसा मनासारखा येईपर्यंत शिम बदलत राहावं. या कामाला घाई चालत नाही.

मुंबईच्या महिंद्राने ही जीप आपल्याकडे घडवली, ती अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे बनत राहिली. पुढे खुद्द कंपनीनेच डिझेल इंजिनं दिली आणि गावोगावच्या गॅरेजांत कितीतरी हरिकेन उतरवून डिझेल बसवली गेली. ज्यांचं पोट त्या गाडीवर होतं, त्यांचा तो हिशेब बरोबरच होता. हौसेने जीप उभी करणाऱ्याला मात्र ते कारण लागू होत नाही. डिझेलने जीप पळेल, ओढेलही, पण पुढचं वजन वाढेल, आणि ज्या इंजिनासाठी ते बॉनेट उंच केलं तेच त्याखाली नसेल. माझ्या मते ती दुरुस्ती होईल, पुनर्बांधणी नव्हे.

तुमच्या ओळखीत कुणाच्या गोठ्यात, शेडमध्ये उतरवून ठेवलेलं हरिकेन असेल, तर ते भंगारात जाऊ देऊ नका. ब्लॉक आणि हेड एकत्र ठेवा, रॉड आणि त्यांच्या कॅपवर नंबर टाका, क्राउन-पिनियनची जोडी तारेने बांधून ग्रीसमध्ये ठेवा. आज नाही तर उद्या ते बांधणारा कुणीतरी येईल.