बटणामागचं हँडल

फ्रान्सच्या आमेल कंपनीची ‘सुपर मारामू’ ही सुमारे 16 मीटरची लक्झरी यॉट दोघांनीच जगभर न्यावी म्हणून आखलेली. म्हणून डोलकाठ्या दोन: क्षेत्रफळ जास्त शिडांत वाटलं, की एकेक शीड एकट्याला आवरतं. मुख्य शीड बटण दाबताच डोलकाठीच्या पोटात गुंडाळलं जातं. त्यापायी त्याचा आकार जरा बिघडतो, वेग थोडा जातो. शर्यतवाले नाकं मुरडतात. मुरडोत! रात्री तीनला वारा वाढला, जोडीदार झोपलाय, आणि डेकवर न धडपडता शीड कमी करता येतं. मला लक्झरी इथे दिसते. मोटर बंद पडली, तर हँडल लावून हातानं फिरवायचं. सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय मागितली, की ‘पुढच्या रिलीजला बघू’. तक्रार एकच: मी पाहिलेल्या व्हिडिओंत ते हँडल कुणी दाखवत नाही.