निष्ठेची मर्यादा : ‘नाइंटीन एटी-फोर’ आणि वगळलेले परिशिष्ट

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा करताना ‘मूळ कृतीशी प्रामाणिक’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइंटीन एटी-फोर’ (१९४९) या डिस्टोपियन कादंबरीवरील मायकेल रॅडफर्ड यांच्या चित्रपटास (१९८४) ते सर्रास लावले जाते, आणि त्यास आधारही आहे. मायकेल अँडरसन यांच्या १९५६ च्या चित्रपटाच्या ब्रिटिश आवृत्तीत विन्स्टन आणि ज्युलिया सत्तेला आव्हान देत मरतात. रॅडफर्ड अशी सवलत घेत नाहीत. विन्स्टनची रोजनिशी ४ एप्रिल १९८४ ला सुरू होते, तर चित्रीकरण त्याच वर्षी एप्रिल ते जून या काळात लंडन परिसरात झाले. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी रासायनिक प्रक्रियेतील ब्लीचचा टप्पा गाळून रंगांतील तजेलाच काढून घेतला. रिचर्ड बर्टन यांचा ओब्रायन आवाज चढवीत नाही, म्हणूनच तो अधिक भयावह वाटतो.

असे असूनही या निष्ठेत एक मोठी उणीव राहते. कादंबरी विन्स्टनच्या शरणागतीपाशी संपत नाही. तिच्यानंतर ‘न्यूस्पीक’ या राजभाषेवरील परिशिष्ट येते, आणि पहिल्याच प्रकरणातील तळटीप वाचकाला त्याकडे निर्देश करते. हे परिशिष्ट भूतकाळात, तेही न्यूस्पीकमध्ये नव्हे, तर नेहमीच्या इंग्रजीत लिहिलेले आहे. म्हणजे ती राजवट इतिहासजमा झाल्यावर कोणी अभ्यासक हे लिहीत आहे काय? टॉमस पिंचन आणि मार्गारेट ॲटवुड यांनी हा अर्थ गांभीर्याने मांडला आहे. भूतकाळ हा कथनाचा केवळ संकेत आहे, हा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. तथापि अमेरिकेतील एका बुक क्लबने परिशिष्ट व गोल्डस्टाइनचा ग्रंथ वगळण्याची अट घातली असता, आर्थिक नुकसानीची शक्यता पत्करून ऑर्वेल यांनी ती नाकारली होती. लेखकाला जे अपरिहार्य वाटले, ते चित्रपटाने निमूटपणे सोडून दिले.

न्यूस्पीकचा उल्लेख चित्रपटात संवादांतून येतो. प्रश्न माहितीचा नसून निवेदकाच्या काळाचा आहे. कॅमेऱ्यापुढील प्रत्येक घटना ‘आता’ घडते, त्यामुळे क्रियापदाच्या काळात दडलेला अर्थ पडद्यावर सहज उतरत नाही. ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) मधील भविष्यकालीन परिसंवादाचा उपसंहार ऑर्वेल यांच्या परिशिष्टाचा ऋणी आहे, असे त्यांनीच नमूद केले आहे. फोल्कर श्लोन्डॉर्फ यांच्या १९९० च्या चित्रपटात तोही नाही.

रॅडफर्ड यांनी मात्र शेवटी स्वतःची एक संदिग्धता निर्माण केली आहे. विन्स्टनचे प्रेमाचे उद्गार ज्युलियासाठी की बिग ब्रदरसाठी, हे प्रेक्षकाला ठामपणे सांगता येत नाही. कादंबरीत विन्स्टनविषयी अशी शंकाच उरत नाही; तिथे शंका उरते ती राजवटीच्या चिरंतनत्वाविषयी. पदवीच्या वर्गाला हा चित्रपट दाखविण्यापूर्वी परिशिष्टाची ती मोजकी पाने वाचून घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते.