रुकैयाच्या बाजूने

मराठी मुस्लिम साहित्यात कवितेची चर्चा होते, कथेची होते, वैचारिक लेखनाची तर पुष्कळच होते. दूरचित्रवाणीवरील मालिकांची मात्र होत नाही. मालिका म्हणजे रिकाम्या बायकांचा उद्योग, असे समजून आपले लिहिणारे लोक तिच्याकडे पाठ फिरवतात. पण आपल्या घरांतील किती स्त्रियांनी बदायुनी किंवा अबुल फजल वाचला आहे? मुघल दरबार, जनानखाना, बेगमा, त्यांचे रुसवे आणि सलोखे हे सारे आमच्या आयाबहिणींपर्यंत पोहोचले ते पडद्यावरून. तेव्हा त्या पडद्याकडे पाहताना त्या कोणावर जीव लावतात आणि कोणाला शिव्याशाप देतात, हा विषय क्षुल्लक मानता येणार नाही.

या दृष्टीने मला ‘जोधा अकबर’ ही मालिका महत्त्वाची वाटते. एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सची ही मालिका झी टीव्हीवर 18 जून 2013 रोजी सुरू झाली आणि 7 ऑगस्ट 2015 रोजी संपली. पाचशेहून अधिक भाग झाले. रजत टोकस अकबर होता, परिधी शर्मा जोधा, लविना टंडन रुकैया बेगम आणि आपल्या मराठी अश्विनी काळसेकर माहम अंगा. प्रक्षेपणापूर्वी राजपूत संघटनांनी विरोध केला होता. 2008 साली आशुतोष गोवारीकर यांच्या चित्रपटाच्या वेळीही तसेच झाले होते. त्या चित्रपटाचा आग्रा तर आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत, नितीन देसाई यांनी उभा केला होता.

कशेडी घाटाच्या दोन्ही अंगांना, पोलादपूर-महाडकडे आणि खेडकडे, ज्या मुस्लिम वाड्या आहेत, त्यांतील पुष्कळ घरांचे पुरुष मुंबईला किंवा आखातात असतात. घरात सासू, सुना, मुले. रात्री भांडी आटोपली की टीव्हीपुढे बैठक जमे. ज्या घरी डिश असे तिथे शेजारच्याही येत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्या दोन वर्षांत आठवी-नववीच्या मुलींच्या तोंडी ‘तखलिया’ आणि ‘मरियम-उज-जमानी’ असे शब्द सहज येत. बाईंनी वर्षभर घोकून घेतले असते तरी आले नसते, एवढे ते मालिकेने आणले. त्या मुलींचे आणि त्यांच्या आयांचे बोलणे ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल की मुस्लिम मोहल्ल्यातील स्त्रिया अकबराच्या मुस्लिम बेगमेच्या, म्हणजे रुकैयाच्या बाजूने असतील. घडले नेमके उलट. एकजात सगळ्यांचा जीव जोधावर! ती आपल्या देवघरासकट सासरी आली याचे कोणाला वावडे वाटले नाही. ती परक्या घरी आली आहे, तिला कोणी आपले म्हणत नाही, नवऱ्याशी अजून धड बोलणे नाही, याचेच सगळ्यांना दुःख. अकबराने तिच्याकडे पहिल्यांदा हसून पाहिले तेव्हा बैठकीत खसखस पिकली. लग्नानंतर महिन्याभरात नवरा दुबईला गेलेल्या आणि दीडदोन वर्षांनी सुटीवर आल्यावर त्याच्याशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या स्त्रीला तो हळूहळू फुलणारा संसार कळणार नाही तर कोणाला?

ही प्रतिक्रिया मला फार मोलाची वाटते. आपला समाज कोणाच्या बाजूने उभा राहतो याविषयी वृत्तपत्रांतून जे ठोकताळे मांडले जातात, त्यांना आमच्या वाडीतील अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांनी रोज रात्री खोटे पाडले. त्यांनी धर्म पाहिला नाही, सून पाहिली. जुन्या पिढीला जोधाबाई ठाऊक होती ती 1960 सालच्या ‘मुघल-ए-आझम’मधली, म्हणजे दुर्गा खोटे. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेली आई. पन्नास वर्षांनी तीच जोधा नवी नवरी होऊन आली आणि घराघराची लाडकी झाली.

इथवर सारे छान आहे. पण प्रेमकथेला एक खलनायिका लागते. ती जागा मालिकेने आधी माहम अंगाला दिली आणि मग रुकैयाला. इतिहासात माहम अंगाचा मुलगा अधम खान 1562 च्या मे महिन्यात मारला गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही वारली. अकबराचा आमेरच्या राजकन्येशी विवाह त्याच वर्षाच्या आरंभी झाला होता. म्हणजे या दोघींना एका महालात भांडायला जेमतेम काही महिने मिळाले असते. मालिकेत ते भांडण लांबतच गेले. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. कालक्रमाची मोडतोड ऐतिहासिक मालिका करतातच. माझी तक्रार रुकैयाबद्दल आहे.

मालिकेतील रुकैया हुशार आहे, राजकारण जाणते, अकबराची बालपणापासूनची सोबतीण आहे. पण जोधाचे पाऊल महालात पडताच तिच्या या सगळ्या गुणांचे विष होते. तिचे बोलणे कपट, तिचे मौन कारस्थान. आणि तिचे सर्वांत मोठे न्यून काय, तर तिला मूल नाही. आमच्या बैठकीत तिच्यासाठी जे शब्द निघत ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. त्यातल्या त्यात सौम्य शब्द ‘बांझ’ हाच होता. कारस्थान करते म्हणून शिवी आणि मूल नाही म्हणूनही शिवी, या दोन्ही एका दमात दिल्या जात. मूल नाही म्हणूनच ती कपटी झाली, असा हिशेब मालिकेने मांडला आणि प्रेक्षकांनी तो तपासून न पाहता मान्य केला.

खरी रुकैया कोण होती? ती बाबराची नात, हुमायूनचा भाऊ मिर्झा हिंदाल याची मुलगी, अकबराची चुलत बहीण आणि पहिली पत्नी. तिला स्वतःचे मूल झाले नाही हे खरे. पण 1592 मध्ये सलीमला खुर्रम झाला, तेव्हा अकबराने ते बाळ रुकैयाच्या हवाली केले. तिनेच त्याला वाढवले. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात तिच्या या मायेची नोंद आदराने केली आहे. पोटच्या मुलापेक्षाही तिने खुर्रमवर अधिक प्रेम केले, असे तो सांगतो. हाच खुर्रम पुढे शहाजहान झाला. ज्या ताजमहालाची चित्रे आम्ही वर्गात भिंतीवर लावतो, तो बांधणारा या ‘बांझ’ बेगमेच्या मांडीवर वाढला. 1626 मध्ये ती वारली आणि काबूलला बाबराच्या बागेत, बापाच्या कबरीजवळ तिला दफन केले गेले. चौऱ्याऐंशीच्या आसपास वय, तीन बादशहांचा काळ पाहिलेली स्त्री. एवढ्या आयुष्यातून मालिकेला आणि आपल्याला काय सापडले? सवत!

कोणी म्हणेल, मालिकाच ती, एवढे मनावर काय घ्यायचे? मनावर अशासाठी घ्यायचे, की रुकैया आमच्या बैठकीतच बसलेली असते. कोणत्याही वाडीत लग्नाला दहाबारा वर्षे होऊन मूल नसलेली एखादी स्त्री सापडेल. तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहाची कुजबुज तिच्या कानावर आलेली असते, किंवा तो निकाह होऊनही गेलेला असतो. दोष कोणात आहे याची तपासणी बहुधा तिचीच झालेली असते, नवऱ्याची नाही. अशी एक स्त्री मी पाहिली. ती रोज मालिकेला येई, सर्वांसाठी चहा करी. रुकैयाला शिव्या सुरू झाल्या की कपबशा घेऊन आत जाई. पुढे ती यायचीच थांबली. तिला कोणी काही बोलले नव्हते. सगळ्या पडद्याशी बोलत होत्या.

या प्रेक्षकांना मी दुष्ट म्हणणार नाही. उलट जोधाच्या बाबतीत त्यांचे मन किती मोठे आहे ते वर सांगितलेच आहे. मग तेच मन रुकैयापाशी एवढे लहान का झाले? माझ्या मते याचे कारण भीती आहे. जोधाच्या जागी प्रत्येकीने स्वतःला पाहिले, कारण नवी नवरी प्रत्येकजण एकदा झालेली असते. रुकैयाच्या जागी स्वतःला पाहण्याची कोणाची हिंमत नव्हती. जी जागा आपल्यावर येऊ शकते तिलाच आपण जास्त जोराने धुत्कारतो.

याच्याशेजारी बाजीराव-मस्तानीची कहाणी ठेवून पाहावी. ना. सं. इनामदारांच्या 1972 सालच्या ‘राऊ’ या कादंबरीवरून 2015 मध्ये हिंदी चित्रपट आला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून केवढा गदारोळ झाला! काशीबाईंचा मान राखला गेला नाही, अशी तक्रार होती. तिथे पहिली पत्नी हा प्रेक्षकांच्या आस्थेचा विषय ठरला. पुढे 2021 मध्ये झी टीव्हीवर काशीबाईंच्या नावाची मालिकाही आली. मस्तानीवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला काशीबाईंचे दुःख कळू शकते, हे यातून सिद्ध होते. मग रुकैयाचे का कळू नये? काशीबाईंना मुलगा होता, नाव सांगणारे घराणे होते, त्यांच्यासाठी तक्रार करायला वंशज होते. रुकैयाच्या बाजूने तक्रार करायला कोण होते? अकबरावरील मालिकेला विरोध झाला तो जोधाच्या नावावरून. रुकैयाच्या अब्रूसाठी एक पत्रसुद्धा कोणी लिहिले असेल असे वाटत नाही.

यानंतरची मालिका तुर्कस्तानची. ‘एर्तुग्रुल’ तिकडे 2014 ते 2019 या काळात झाली आणि 2020 च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर उर्दूत आली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ती आमच्याकडेही मोबाइलवर पाहिली गेली. त्यातील सेलजान खातून आरंभी कारस्थानी आहे. पुढे तिला पश्चात्ताप होतो आणि ती कबिल्याचा आधार बनते. आधी तिला शाप देणाऱ्या बायाच पुढे तिच्यासाठी डोळे पुसताना मी पाहिल्या. म्हणजे क्षमा करण्याची ताकद आमच्या प्रेक्षकांत आहे. लेखकाने वाट दाखवावी लागते. अर्थात याच मालिकेने प्रेक्षकांची दुसरी बाजूही दाखवली. हलीमाची भूमिका करणाऱ्या एसरा बिल्गिच हिने आपली साध्या पोशाखातील छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा ‘हलीमाला हे शोभत नाही’ म्हणून पाकिस्तानातील चाहत्यांनी तिला फैलावर घेतले. भूमिका आणि बाई यांतील फरक पुसला की पडद्यावरची बेगम छळली जाते, नटी छळली जाते आणि शेजारीणही छळली जाते.

आणि ज्या जोधावर सर्वांनी एवढे प्रेम केले तिला तरी न्याय मिळाला का? अकबराच्या काळातील ग्रंथांत ‘जोधा’ हे नाव या राणीसाठी येत नाही. तिचा किताब मरियम-उज-जमानी. जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची पत्नी जगत गोसाईं, शहाजहानची जन्मदात्री. एकोणिसाव्या शतकातील लेखनातून हे नाव सासूला चिकटले. पण नावापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. मरियम-उज-जमानी समुद्री व्यापार करीत असे. तिचे ‘रहिमी’ नावाचे मोठे जहाज सुरतेहून हाजींना आणि माल घेऊन तांबड्या समुद्राकडे जाई. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी ते पकडले, तेव्हा जहांगीरने त्यांच्याविरुद्ध पावले उचलली. ज्या कोकणातील मुसलमानांच्या पिढ्या जहाजावर गेल्या, त्यांच्या मुलींना ही हकीकत किती जवळची वाटली असती! मालिकेच्या प्रेमकथेत या जहाजमालकिणीला वाव मिळाला नाही. आणि आम्हीही तो मागितला नाही. आम्हाला हवी होती फक्त अकबराची नजर.

आपल्या दीनमध्ये याचे उत्तर आहे, ते विसरू नये. उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (र.अ.) यांना अपत्य नव्हते. बहिणीच्या मुलाच्या नावावरून त्यांना उम्मे अब्दुल्लाह म्हणत. सहाबा त्यांच्याकडे मसले विचारायला येत, अगणित हदीस त्यांच्यामार्फत आपल्यापर्यंत आल्या. मूल नसलेल्या स्त्रीला कमी लेखणाऱ्याने आधी हे आठवावे. सूरह निसामध्ये एकाहून अधिक निकाहाची मुभा देतानाच न्यायाची अट घातली आहे. नवरा ती पाळतो की नाही ते तो जाणे. पण पाहणाऱ्यांनी, बोलणाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी न्याय करू नये, असे कुठे लिहिले आहे?

मालिका बंद करा, असे मी म्हणणार नाही. दिवसभर राबलेल्या स्त्रीच्या हातून तो एक तास हिसकावून घेण्याचा हक्क कोणाला नाही. माझे मागणे आपल्या लिहिणाऱ्यांकडे आहे. मराठीत आणि उर्दूत लिहिणाऱ्या आमच्या भगिनींनी रुकैयाची कथा लिहावी. खुर्रमचे पहिले पाऊल पाहणारी, त्याच्या तापात रात्र जागणारी, नातवंडाच्या नात्याने आलेल्या मुलाची आई झालेली रुकैया अजून कोणी लिहायची आहे. ती लिहिली गेली आणि एखाद्या संध्याकाळी वाडीत मोठ्याने वाचली गेली, तर चहाच्या कपबशा घेऊन आत जाणारी ती स्त्री कदाचित दाराशी थबकेल आणि ऐकेल.